आजचा रंग

रंग या विषयावर लिहिण्याचा मला वस्तुतः काही अधिकार नाही. माझे सारे आयुष्य हिशेबतपासणीच्या कचेरीत गेले, आणि तेथे आम्हांला दोनच रंग ठाऊक असत : लिहिण्यासाठी निळी शाई आणि दुसऱ्याने लिहिलेल्यात चूक काढण्यासाठी तांबडी. शाळेत चित्रकलेचे मास्तर माझी वही पाहून नुसता उसासा टाकीत. असे असूनही आज रंगांबद्दल लिहावयास बसलो आहे, त्याला कारण माझी थोरली बहीण. २०२५ सालच्या आश्विनात, नवरात्राच्या दहा दिवसांत, आमच्या घरी जे घडले ते कोठे तरी सांगितल्याखेरीज माझ्या मनाला स्वस्थता नाही. (नवरात्र आणि दहा दिवस कसे, ते ओघाने येईल.) वाचकांपैकी अनेकांच्या घरी एखादी अक्का, मावशी किंवा आत्या हातात फोन घेऊन बसलेली असेलच. त्यांना ही हकीगत अगदी परकी वाटू नये.

आम्ही मूळचे कारवारचे. घरात कोंकणी आणि शाळेत मराठी अशा दोन भाषांत आमचे बालपण वाटले गेले. नोकरीच्या निमित्ताने मी १९७८ साली हैदराबादेस आलो आणि चिक्कडपल्लीत बिऱ्हाड केले, ते आजतागायत हललेले नाही. व्यंकटेश्वराच्या देवळातील पहाटेची घंटा, त्यागराय गानसभेत संध्याकाळी होणारी गाणी, मध्यवर्ती ग्रंथालयात स्पर्धा-परीक्षांची जाडजूड पुस्तके घेऊन बसलेली मुले, पलीकडे आर. टी. सी. चौरस्त्यावरील चित्रपटगृहांचे भडक फलक, आणि २०२०च्या फेब्रुवारीपासून डोक्यावरून धावू लागलेली मेट्रो. एवढ्या परिसरात आमचे जग सामावले आहे. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. १९८३ साली भावोजी अकस्मात गेले तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हते. मी कारवारास जाऊन तिला घेऊन आलो. पुढे माझी मुले तिनेच वाढविली, असे म्हटले तर माझी पत्नीदेखील हरकत घेणार नाही.

अक्काच्या हाती फोन आला तो टाळेबंदीत. नातीने आपला जुना फोन तिला दिला. या यंत्राविषयी माझ्या मनात पहिल्यापासून अढी. तरी खरे ते सांगितले पाहिजे. देऊळ बंद, शेजारीण दाराआड, अशा त्या महिन्यांत अक्काला कारवारच्या शाळेतील एक मैत्रीण पन्नास वर्षांनी या फोनवर भेटली. दोघी रोज सकाळी एकमेकींना फुलांची चित्रे पाठवीत. मैत्रिणीच्या अंगणातली अबोली आमच्या तिसऱ्या मजल्यावर येऊ लागली. लहानपणी अबोलीच्या वळेसरावाचून अक्काचे पान हलत नसे. ते फूल तिने केसांत माळावयाचे १९८३ साली सोडले. पाहण्याचे मात्र तिला कोणी बंद केलेले नव्हते. पुढे आमच्या भागातील मराठी व कोंकणी भगिनींचा व्हॉट्सॲपवर एक गट झाला. त्यात लोणच्याच्या कृती, कीर्तनांची स्थळे, भाड्याच्या खोल्यांच्या चौकश्या असे सारे येई. हळदीकुंकवाची निमंत्रणेही येत, आणि ती सर्वांना एकदमच जात असल्यामुळे अक्कालाही येत. यंत्राला कोण सवाष्ण आणि कोण नाही हे कळत नाही. हा त्याचा गुण म्हणावयाचा की दोष, हे मला अद्यापि ठरविता आलेले नाही.

घटस्थापनेच्या आधी या गटावर रंगांची यादी आली.

नवरात्राच्या नऊ दिवसांचे नऊ रंग आणि त्या त्या रंगाचे वस्त्र नेसण्याची ही चाल आता इतकी रूढ झाली आहे की आमच्या नातीला ती देवीभागवतात सांगितली असावी असे वाटत होते. वास्तविक तिचे वय नातीहून फारसे अधिक नाही. २००३च्या सुमारास मुंबईत 'महाराष्ट्र टाइम्स'ने ही कल्पना उचलून धरली. वाचक स्त्रियांनी त्या दिवशीचा रंग नेसून कचेरीतील मैत्रिणींसह छायाचित्र पाठवावयाचे आणि पत्राने ते छापावयाचे. लोकलगाडीचे डबेच्या डबे एका रंगाचे होऊ लागले. पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांनी वेळोवेळी स्पष्ट सांगितले आहे की याला धर्मशास्त्राचा आधार नाही. ती हौस आहे, हौस म्हणूनच करावी. रंग ठरविण्याची रीतही साधी, वारावरून : सोमवारी पांढरा, मंगळवारी तांबडा, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी नारिंगी. उरलेल्या दिवसांना मोरपिशी, गुलाबी, जांभळा यांतले काही. वर्तमानपत्रात छायाचित्र छापून यावयाचे तर जागेची मर्यादा असे; फोनने ती मर्यादा काढून टाकली, आणि मुंबईच्या लोकलमधली हौस चिक्कडपल्लीच्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचली.

आम्हां जुन्या माणसांना नवरात्रात रंग आठवतो तो देवीचा. विजयवाड्याच्या कनकदुर्गेला रोज वेगळा अलंकार असतो आणि मूळ नक्षत्राच्या दिवशी ती सरस्वती होते, म्हणून इकडची मंडळी त्या दिवसाची वाट पाहतात. १९६४ साली वडील आम्हांला म्हार्दोळास महालसेच्या मखरोत्सवाला घेऊन गेले होते. गोवा मुक्त होऊन तीन वर्षेही झाली नव्हती. रात्री मखर हलू लागले, घंटा आणि ताशे यांचा एकच कल्लोळ झाला, आणि अक्काने माझा हात घट्ट धरला. त्या उजेडात देवीचे वस्त्र कोणत्या रंगाचे होते हे आज आम्हां दोघांनाही सांगता येत नाही. आपण स्वतः काय नेसलो होतो, हे अक्काला पक्के आठवते : अंजिरी परकर.

असो. सोमवार, २२ सप्टेंबर, घटस्थापना. पांढरा रंग. अक्काला काहीच अडचण नव्हती. तिच्या पेटीत पांढऱ्याला तोटा नाही. नातीने तिचे छायाचित्र काढून गटावर पाठविले. दुपारच्या चहाच्या वेळी अक्काने मला सांगितले, "अकरा बदाम आले." बदाम म्हणजे तो पत्त्यांतल्यासारखा तांबडा बदाम, हे मला समजावून घ्यावे लागले. गेल्या चाळीस वर्षांत अक्काने स्वतःविषयीची एखादी बातमी मला आपण होऊन सांगितल्याचे मला स्मरत नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडा. येथे मला थोडे थांबले पाहिजे. आमच्या आजीच्या पिढीत तांबडे वस्त्र दोघींचे असे. नवऱ्या मुलीचे आणि विधवेचे. नवरीचे कुसुंबी, विधवेचे आलवण. आमची आजी आलवणातच वारली. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, १८९६ साली आश्रम काढला, १९५८ साली ते भारतरत्न झाले. एवढ्या अवधीत केशवपन गेले, आलवण गेले. पण कुंकू पुसणे आणि बांगड्या फोडणे राहिलेच. ते बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने केला, तो २०२२च्या मे महिन्यात. म्हणजे अक्काच्या कपाळावरचे पुसले गेल्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी. अक्काला तांबडे नेसू नकोस असे आज कोणी म्हणणार नव्हते, आणि नेस असेही आजवर कोणी म्हटले नव्हते. यादीने म्हटले. माझ्या पत्नीने आपले डाळिंबी रंगाचे पातळ काढून दिले. ते नेसून अक्का आरशासमोर किती वेळ उभी होती, हे मी पाहिले नाही, पत्नीने पाहिले. त्या दिवशी सतरा बदाम.

बुधवारी निळे, गुरुवारी पिवळे. गुरुवारी अक्का पहाटे चारला उठली, कारण ज्यांचे छायाचित्र आधी येते त्यांना प्रतिसाद अधिक मिळतो हे तिच्या ध्यानात आले होते. मला हसू आले आणि मी हसलोही. परंतु त्याच दिवशी मला असे दिसले की चहा समोर निवत आहे आणि अक्का फोन उचलते, ठेवते, पुन्हा उचलते. जपाची माळ एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात. नवीन काही आले की फोनवरील चित्राच्या कोपऱ्यात एक तांबडा ठिपका उमटतो आणि त्यात आकडा असतो. तांबडा रंग नजरेला खेचून घेतो, हे मला जन्मभर तांबड्या शाईने लिहिल्यामुळे कोणी शिकवावयास नको. या धंद्यातील लोकांनाही ते चांगले ठाऊक आहे. फेसबुक निळे का, तर त्याचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांना तांबडा आणि हिरवा यांतला भेद नीट कळत नाही आणि निळा सर्वांत स्वच्छ दिसतो, असे त्यांनीच २०१० साली सांगितले होते. पण त्या निळ्या घरातही हाक मारणारा ठिपका तांबडाच ठेवलेला आहे.

शुक्रवार आला. हिरवा.

अक्काने पेटीच्या तळाशी असलेले लग्नातले हिरवे रेशमी लुगडे बाहेर काढले. १९७२चे. ते तिने जपून ठेवले आहे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. रेशीम घडीवर विरले होते. पदराला एक बोटभर चीर पडली होती, ती झाकली जावी म्हणून तिने पदर मुठीत धरला. हिरवा हा आपल्याकडे सवाष्णीचा रंग, चुड्याचा रंग. त्याचे भान तिला असणारच. सकाळी साडेसहाला छायाचित्र गेले.

दुपारपर्यंत एकही बदाम आला नाही. संध्याकाळपर्यंतही नाही.

व्हॉट्सॲपवर आपला निरोप दुसऱ्याने वाचला की निळ्या खुणा उमटतात. ही सोय २०१४च्या नोव्हेंबरात झाली. गटात तर कोणी कोणी पाहिले याची नावनिशीवार यादीच उघडता येते. ती कशी उघडावयाची हे नातीने अक्काला कधी तरी शिकवून ठेवले होते. अक्काने ती यादी वाचली. पहिल्यांदा सहा नावे, मग पंधरा, मग चाळीस. रात्री खुणा निळ्या झाल्या, म्हणजे गटातील शेवटच्या बाईनेही पाहिले. पाहिले आणि कोणी काही बोलले नाही. मागाहून कळले की त्या दिवशी गटातील एका घरी नातवाचे बारसे होते आणि पाळण्याच्या छायाचित्रांखाली बाकी सगळेच दडपून गेले होते. पिवळ्या दिवशी गाजलेल्या इतर दोघी-तिघींनाही त्या शुक्रवारी कोणी विचारले नव्हते. पण हे मागाहून. त्या रात्री अक्काला त्या मौनाचा एकच अर्थ दिसत होता. आमच्या आजीच्या काळी शेजारची म्हातारी ओट्यावर उभी राहून तोंडावर बोलली असती, आणि तिला तोंडावर उत्तरही देता आले असते. चाळीस जणींच्या निळ्या खुणांना उत्तर काय द्यावयाचे? पत्नी रात्री दोनला पाणी प्यावयास उठली तेव्हा अंधारात अक्काचा चेहरा फोनच्या उजेडात दिसत होता.

सकाळी पत्नीने मला हे सांगितले, आणि मी, ज्याला चित्रकलेच्या मास्तरांनी रंगांपासून दूर राहण्याचा सल्ला दिला होता, उपाय करावयास निघालो. मी कोठे तरी वाचले होते की फोनच्या पडद्याचे रंग काढून तो राखाडी करता येतो आणि मग त्याची ओढ कमी होते. अमेरिकेत होल्टे आणि फेरारो या दोघांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे विद्यार्थ्यांचा फोनवरचा वेळ दिवसाकाठी सरासरीने सुमारे ३८ मिनिटांनी घटला. उपाय शास्त्रीय होता, फुकट होता. शिवाय तो दिवस शनिवार, आणि यादीप्रमाणे रंगही राखाडीच. अक्का स्नानाला गेली असता मी नातीकडून तिचा फोन राखाडी करून घेतला आणि तिच्या हाती देताना, देव मला क्षमा करो, विनोदही केला, "अक्का, आज याचाही रंग राखाडी."

तिने फोन उघडला. अबोलीचे चित्र आले होते. ते मातकट दिसत होते. तांबड्या ठिपक्याच्या जागी एक करडा ठिपका होता. तिने तो बराच वेळ पाहिला आणि कोंकणीत जे म्हणाली ते मराठीत असे : "याचेही कुंकू पुसलेस का रे?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता. त्या 'ही'चा अर्थ आम्हां दोघांनाच ठाऊक आहे, आणि तो येथे लिहिणे हेच या लेखाचे प्रयोजन. १९८३ साली अक्काला हैदराबादेस आणल्यावर तिच्यासाठी कपडे घेण्यास मीच सुलतान बाजारात गेलो होतो. तिला बरोबर नेले नाही. तिला काय हवे ते विचारलेही नाही. मी स्वतःला सुधारक समजत असे. कर्व्यांचे आत्मचरित्र माझ्या कपाटात होते. दुकानदाराने विचारले, कोणासाठी? मी म्हणालो, वयस्क बाईसाठी. त्याने फिकी चार पातळे काढून दिली आणि मी ती घेऊन आलो. अक्का तेव्हा बत्तीस वर्षांची होती. तिचा रंग कोणा शास्त्रीबुवाने काढून घेतला नाही, सासरच्यांनी नाही, गावानेही नाही. तिने ती पातळे नेसली, कारण भावाने आणली होती.

फोनचे रंग मी तासाभरात पूर्ववत करविले. नातीने तेव्हा मला एक गोष्ट सांगितली. पडद्याचा प्रत्येक बिंदू तांबड्या, हिरव्या आणि निळ्या अशा तीन बारीक दिव्यांचा असतो, आणि राखाडी पडद्यातही ते तिन्ही दिवे जळतच असतात. फक्त सारख्या प्रमाणात.

त्यानंतर मी या विषयावर थोडेफार वाचले. रीस आणि डॅनफोर्थ या दोन संशोधकांनी २०१७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. इन्स्टाग्राम वापरणाऱ्या १६६ जणांची ४३,९५० छायाचित्रे त्यांनी यंत्राकडून तपासून घेतली. नैराश्याचे दुखणे असलेल्यांची छायाचित्रे अधिक निळसर, अधिक करडी, अधिक काळोखी निघाली. छायाचित्राला रंगीत झाक देण्याऐवजी ते काळे-पांढरे करण्याकडे त्यांचा कल होता. निबंध मोठ्या परिश्रमाने लिहिलेला आहे. तरी माझ्या मनात येते की त्या शनिवारी हे यंत्र आमच्या गटावर बसविले असते तर राखाडी पातळे नेसलेल्या झाडून साऱ्या भगिनी त्याने खिन्न ठरविल्या असत्या, आणि शुक्रवारी हिरव्या रेशमातली अक्का प्रसन्न. चिरेवर धरलेली मूठ त्याला कशी दिसणार?

रंग हे दुखण्याचे कारण आहे, अशी माझी समजूत होती. ती मी सोडून दिली आहे. त्या तीन-चार दिवसांत अक्काला रंगांनी जो आनंद दिला तो मी डोळ्यांनी पाहिला. तिला झोप लागू दिली नाही ती त्या ठिपक्यातल्या आकड्याने आणि पाहणाऱ्यांच्या यादीने. नातीने दोन्ही बंद करता येतात का ते पाहिले. आकड्याचा ठिपका बंद झाला. पाहणाऱ्यांची यादी गटात बंद करता येत नाही, असे कळले.

रविवारपासून अक्का गटावर काही पाठवीनाशी झाली. नारिंगी आणि मोरपिशी या दोन्ही दिवशी ती आपल्या नेहमीच्या फिक्या पातळातच होती, आणि तिला काही सुचविण्याचे धैर्य घरात कोणालाही झाले नाही, मला तर मुळीच नाही. मंगळवारी दुर्गाष्टमी. तेलंगणाच्या बतुकम्मेचाही तो अखेरचा मोठा दिवस. खालच्या मजल्यावरील तेलुगू कुटुंबातील सून वर आली आणि म्हणाली, "अम्मा, फुले रचावयास हात कमी पडताहेत." परातीत तरवडाची पिवळी फुले, झेंडू, शेवंती यांचे थरावर थर रचून देवळाच्या शिखरासारखी बतुकम्मा उभी करतात. मधले थर कुरडूच्या पांढऱ्या तुऱ्यांचे. आणि ते तुरे रंगाच्या पाण्यात बुडवून तांबडे, निळे, गुलाबी करून घ्यावे लागतात. अक्का ते काम करीत दुपारभर जिन्यात बसली होती. वर आली तेव्हा तिची बोटे मनगटापर्यंत चार रंगांची झाली होती आणि साबणाने ती निघत नव्हती. तिने ती मला दाखविली.

त्या वर्षी तृतीयेची वृद्धी होती, म्हणून नवरात्र दहा दिवसांचे झाले. आमच्या गटावर आलेल्या यादीत रंग मात्र नऊच. बुधवारी, १ ऑक्टोबरला, खंडेनवमीच्या सकाळी गटावर गोंधळ उडाला. कोणी म्हणे जांभळा, कोणी म्हणे आदल्या दिवशीचा गुलाबीच पुन्हा, कोणी मुंबईच्या बहिणीला विचारून सांगते म्हणे. माझी पत्नी हे सारे मोठ्याने वाचून दाखवीत होती.

अक्का आतून म्हणाली, "म्हणजे आज रंग नाही?"

"नाही दिसत, वन्सं."

थोड्या वेळाने ती बाहेर आली ती हिरवे रेशमी लुगडे नेसून. चिरेला आतून तुकडा लावून तिने रात्रीच ते शिवले असावे. टाके बारीक होते, पण दोरा जरा वेगळ्या हिरव्याचा होता. मी काही बोललो नाही. नातीने छायाचित्र काढले. ते गटावर गेले की नाही, हे मी विचारले नाही. दुपारी हत्यारांची पूजा आटोपून देवघराकडे गेलो तो उंबऱ्याशी फोन पालथा पडला होता, आणि आत स्वयंपाकघरात अक्का विळीवर बसून नारळ खोवीत होती. पदर कमरेला खोचलेला होता.